भूत कुणाचं, भ्या कुणाला

"बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या पोरांना तू भुताच्या गोष्टी सांगतोस? लाज वाटत न्हाई?"

चळवळीतल्या एका थोरल्या दोस्तानं मला भर चौकात हे विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. म्हणून त्याचं उत्तर चहाच्या टपरीवर न देता इथं देतो. त्यालाही वाचता येईल, तुम्हालाही.

झालं असं. आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी आठवी ते दहावीची पोरं-पोरी जमतात. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर. शनिवारची तिसरी पाळी करून येतो, दुपारपर्यंत झोपतो, आणि कानातली घरघर घेऊनच तिथं जातो. गणित मला शिकवता येत नाही. मी वाचून दाखवतो, सांगतो. पोरांना चरित्रं पाठ झालीत, भाषणं पाठ झालीत. काय ऐकायचं म्हणून विचारलं तर सगळी एका सुरात म्हणाली, "दादा, भुताचं!" मोबाइलवर सगळी भुतं त्यांची बघून झालेली. २०२४ सालचा 'मुंज्या' पिच्चर तर निम्म्यांनी दोनदा पाहिलेला.

मग मी पाच रविवार एक गोष्ट सांगितली. कॅनडातल्या शेरी डिमलीन ह्या बाईची, 'द मॅरो थीव्ह्ज'. म्हणजे हाडांतला मगज चोरणारे. डिमलीन मेटी समाजातली, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. पुस्तक २०१७ चं, पोरासोरांसाठी लिहिलेलं, आणि त्याच साली कॅनडातला गव्हर्नर जनरलचा पुरस्कार किशोर वाङ्मयासाठी त्याला मिळाला. ह्या गोष्टीत कबरीतून उठून येणारं भूत एकही नाही. तरी पोरं घरी जाताना एकमेकांचे हात धरून गेली.

माझं इंग्रजी दहावी नापासाचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेका पानाला एकेक रात्र दिली. त्यामुळे मी पुस्तक फार हळू वाचतो. पण हळू वाचणाऱ्याला लेखक कुठं खरं बोलतो आणि कुठं मारून नेतो, ते नीट दिसतं. म्हणून टीका लिहायचा माझा हक्क आहे असं मी धरून चालतो.

आधी गोऱ्यांच्या भुतांबद्दल बोलू. अमेरिकेतल्या भयकथेत एक जागा पुन्हा पुन्हा येते. ती म्हणजे 'इंडियनांची जुनी दफनभूमी'. स्टीफन किंगची 'पेट सेमेटरी' १९८३ ची. तिच्यात मिकमॅक लोकांच्या जुन्या दफनभूमीत मेलेलं मांजर पुरलं की परत येतं, मेलेलं पोर पुरलं की परत येतं, पण सैतान होऊन येतं. १९८० च्या 'द शायनिंग' पिच्चरमधलं हॉटेलही अशाच जागेवर बांधलेलं. मॅनेजर हे सहज सांगून टाकतो, जसं आपल्याकडं एखादा बिल्डर सांगेल की इथं आधी झोपड्या होत्या.

आता ह्यात भ्यालंय कोण? नव्या घरात राहायला आलेलं गोरं कुटुंब. आणि भीती कुणाची? ज्यांना मारून, हाकलून ती जमीन घेतली त्या मेलेल्यांची. म्हणजे ज्याचा खून झाला तोच राक्षस, आणि खुन्याचा नातू बिचारा निष्पाप. वाचणाऱ्याची सगळी दया त्या नातवाला. दोस्तहो, ही साधी करमणूक नाही. चोराला रात्री झोप लागत नाही म्हणून त्यानं मालकालाच भूत ठरवलंय. त्या कथांत जिवंत इंडियन फारसा दिसत नाही, कारण जिवंत माणूस बोलायला लागला तर आधी जमिनीचा हिशेब मागेल.

डिमलीननं हा सगळा साचा उलटा फिरवला.

तिची गोष्ट उद्याच्या जगातली. हवा-पाणी नासलंय, आणि गोऱ्या लोकांना स्वप्नं पडायची बंद झालीत. स्वप्नं नाहीत म्हणून माणसं वेडी होतात, मरतात. फक्त मूळ रहिवाशांना अजून स्वप्नं पडतात. मग सरकारला शोध लागतो की स्वप्नं त्यांच्या हाडांतल्या मगजात असतात. भरतीवाले शिट्ट्या फुंकत येतात, माणसं धरतात, आणि 'शाळे'त नेतात. शाळेत मगज काढतात. पहिल्याच प्रकरणात फ्रेंची नावाचं पोरगं आणि त्याचा थोरला भाऊ मिच झाडावरच्या घरात लपलेत. शिट्टी जवळ येते. धाकट्याला निसटता यावं म्हणून थोरला स्वतःला धरून देतो. इथं आमच्या अभ्यासिकेत कुणी खोकलं पण नाही.

पहिल्या रविवारी पोरांना वाटलं की हे सगळं बाईच्या डोक्यातलं आहे. दुसऱ्या रविवारी मी गोष्ट थांबवली आणि खरं काय घडलं ते सांगितलं. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ते १९९० च्या दशकापर्यंत मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा होत्या. खर्च सरकारचा, कारभार बहुतेक चर्चचा. दीड लाखाहून जास्त मुलं त्यांतून गेली. केस कापले, नावं बदलली, आईची भाषा बोललं की शिक्षा. हजारो पोरं तिथंच मेली. चौकशी आयोग नेमला गेला २००८ मध्ये, आणि २०१५ मध्ये त्यानं ह्या सगळ्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. १९४८ ते १९५२ ह्या काळात अशा सहा शाळांतल्या उपाशी पोरांवर आहाराचे प्रयोग झाले. एका शाळेत तर गरजेच्या निम्म्याहून कमी दूध मिळतंय हे ठाऊक असून दोन वर्षं तेवढंच ठेवलं. का, तर आकडे नीट यावेत म्हणून.

आता सांगा, मगज काढणारी शाळा ही कल्पना किती आणि बातमी किती? बाईनं फक्त मोजमाप बदललंय. भाषा काढून घेतली, दूध काढून घेतलं, आता हाडातलं काढून घेतात.

आणि हे फार लांबचं आहे असं सोलापूरकडच्या माणसानं म्हणू नये. सेटलमेंट हा शब्द आपल्याकडं म्हातारी माणसं अजून बोलतात. तारेचं कुंपण, हजेरी, आणि कुंपणातून गिरणीत कामाला. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या सुधारलेल्या कायद्यात तर सरकारला अधिकार दिला की त्या जमातींची सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून औद्योगिक नाहीतर सुधारणेच्या शाळेत ठेवावीत. ते कुंपण सुटलं ३१ ऑगस्ट १९५२ ला. समुद्राच्या दोन्ही बाजूंना सरकारची अक्कल एकच होती.

ह्या पुस्तकाचा खरा जोर भीतीत नाही. तो गोष्ट सांगण्यात आहे. फ्रेंची जंगलातून पळतापळता एका टोळीला मिळतो. दोन म्हातारी माणसं आणि बाकी पोरंच. मिगवान्स हा म्हातारा रात्री शेकोटीपाशी बसून पोरांना 'गोष्ट' सांगतो. ही गोष्ट म्हणजे त्यांच्या लोकांचा इतिहास, शाळांसकट. रोज नाही सांगत, बेतानं सांगतो. शिकार कशी करायची, पाऊलखुणा कशा पुसायच्या आणि आपण कोण, हे तिन्ही एकाच वर्गात शिकवतो. शिवाय टोळीचा एक नियम आहे. टोळीत येईपर्यंत ज्याच्यावर जे गुदरलं, ते त्यानंच सांगायचं. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं तोंड उघडायचं नाही. आपली दुःखं दुसऱ्यांनी लिहिलेली वाचत जे मोठे झाले, त्यांना हा नियम समजावून सांगायला नको.

टोळीत रीरी नावाची सात वर्षांची पोरगी आहे. ती लहान म्हणून तिला गोष्टीच्या वेळी बाजूला ठेवतात. ती रुसते, लपून ऐकते. आणि पुढं तीच मरते. आपल्यातलाच एक विकला गेलेला माणूस तिला ओढून नेतो आणि दोघं कड्यावरून जातात. त्याचा जोडीदार फ्रेंचीच्या हातून मरतो. पोराच्या हातून माणूस मरतो आणि लेखिका त्याला शाबासकी देत नाही. तो पुढं कितीतरी पानं ते ओझं घेऊन चालतो. आपल्या पिच्चरमधला हिरो तिथं डायलॉग मारला असता.

थोरल्या दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथं मिळालं. लेकराला भ्या वाटेल म्हणून गोष्ट झाकून ठेवली, तरी भरतीवाला यायचा तो येतोच.

आता दोष. तोंडदेखली स्तुती करायला हे पान नाही.

मिगवान्स पोराला सांगतो की स्वप्नं हाडांत विणलेली असतात, जन्मताच तिथं असतात. 'विणलेली' हा शब्द वाचून मी सूत काढणारा माणूस खूश झालो आणि पुढं गेलो. पण तिसऱ्या रविवारी नववीतल्या एका पोरीनं मला धरलं. म्हणाली, "दादा, त्यांच्यात सपान जन्मानंच असतंय आणि गोऱ्यांच्यात जन्मानंच नसतंय. मग हे आपल्या गावासारखंच झालं की!"

मला त्या दिवशी उत्तर आलं नाही. रात्री साच्यावर धागे सांधताना तेच डोक्यात. पोरीचं खरं होतं. गुण रक्तात असतो, हाडात असतो, ह्या एका वाक्यानं आपल्या किती पिढ्या खाल्ल्या. ते वाक्य आपल्या बाजूनं उलटं फिरवलं म्हणून गोड होत नाही. उद्या कुणी म्हणालं की आमच्याच हाडात विद्रोह आहे, तर तोही तीच वर्णव्यवस्था खालून वर मांडतोय.

मी पुस्तक पुन्हा काढलं आणि मिनर्वाच्या प्रकरणापाशी आलो. मिनर्वा ही टोळीतली म्हातारी. तिला धरून नेतात, यंत्राला जोडतात. ती आपल्या भाषेत गाऊ लागते, आणि ते यंत्र पेटतं, शाळाच जळते. आता विचार करा. त्या शाळेत हाडं तर शेकडो जणांची गेली. मगज सगळ्यांचा तोच. यंत्र कुणाच्यानं मोडलं नाही. मोडलं ते जिला भाषा येत होती तिच्यानं. शेवटी एक माणूस परत भेटतो तेव्हाही सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडं असतं, की त्याला आपली भाषा येते काय, तो कुठल्या भाषेत स्वप्न बघतो. आणि भाषा काय जन्मानं येत नाही. ती शिकावी लागते, कुणीतरी शिकवावी लागते. म्हणूनच रोज नावाच्या पोरीला म्हातारीनं दोन शब्द जास्त शिकवले की फ्रेंचीच्या पोटात दुखतं. रीरीला ओढून नेणाराही हाडानं आपलाच होता, हेही विसरू नका.

म्हणजे पुस्तक स्वतःशीच भांडतंय. म्हातारा म्हणतो हाड, म्हातारी म्हणते जीभ. शेवटी जिंकते म्हातारी. पण गोऱ्यांना स्वप्नं का पडत नाहीत, आणि ती त्यांना पुन्हा मिळवता येतील का, ह्याची गाठ डिमलीननं सोडवली नाही. तिथं ती मारून नेते. पुढच्या रविवारी मी हे पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "मग म्हातारीचं नाव पुस्तकाला द्यायचं हुतं." ह्याहून नेमकी टीका मला करता येत नाही.

आणखी दोन पुस्तकं सांगतो, कारण एका पुस्तकावरून शहाणं होऊ नये.

ड्रू हेडन टेलर हा ओजिब्वे लेखक, कॅनडातलाच. त्याचं 'द नाइट वाँडरर' २००७ चं. रक्त पिणारा व्हॅम्पायर हे युरोपातल्या सरदार-दरकदारांचं भूत. टेलरनं ते उचलून आपल्या माणसाला चिकटवलं. एक अनिशिनाबे तरुण कैक पिढ्यांपूर्वी गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर फ्रान्सला गेला, तिथं गोवरानं मरायला टेकला, आणि तिथंच हा शाप त्याला लागला. म्हणजे रोग तिकडचा, भूतही तिकडचंच. शेकडो वर्षांनी तो आपल्या जागी परत येतो आणि वस्तीतल्या एका घरात भाड्यानं राहतो. त्या घरातली सोळा वर्षांची टिफनी जीव द्यायला निघालेली. आई सोडून गेलेली, बाप घुम्या, पोरानं फसवलेलं. हा राक्षस तिला खात नाही. पायाखालच्या मातीत तिच्या वाडवडलांचं गाव होतं, ते तिला दाखवतो. आणि स्वतः सूर्य उगवायची वाट बघत बसतो, मरायला.

आता हे किंगच्या शेजारी ठेवा. तीच जमीन, तिच्याखाली तीच मेलेली माणसं. एकाच्या गोष्टीत त्या मातीतून सैतान निघतो. दुसऱ्याच्या गोष्टीत ती माती मरायला निघालेल्या पोरीला धरून ठेवते. टीकेच्या जाड पुस्तकांत ज्याला दृष्टिकोन म्हणतात तो हाच.

तिसरं, 'एलात्सोए', २०२० चं. डार्सी लिटल बॅजर ही लिपान अपाची लेखिका. तिची एली सतरा वर्षांची. तिच्या घराण्यातल्या बायका मेलेल्या जनावरांची भुतं बोलावू शकतात. तिचं मेलेलं कुत्रं तिच्याबरोबर हिंडतं. पण माणसाचं भूत जागं करायचं नाही, हा घरचा कडक नियम. भूत म्हणजे खेळणं नव्हे, हे तिला आईनं आणि आईच्या आईनं गोष्टींतून शिकवलंय. ह्यातला खरा राक्षस कोण? गावात मोठा मान असलेला एक डॉक्टर. तो श्रीमंतांच्या जखमा, आजार दुसऱ्यांच्या अंगावर ढकलून त्यांना बरं करतो. हे मी सांगितलं तेव्हा पोरं हसली. कुणाचं दुखणं कुणाच्या अंगावर ढकललं जातं, हे त्यांच्या आयांना धुणंभांडी करून माहीत आहे.

ह्याच पुस्तकात आणखी एक गंमत आहे. व्हॅम्पायरला आवतणाशिवाय कुणाच्या घरात शिरता येत नाही, ही जुनी समजूत. लिटल बॅजर विचारते की घर म्हणजे चार भिंतीच काय? ज्यांची ती मूळ जमीन, त्यांनी 'निघ इथून' म्हटलं की त्याला थांबता येत नाही. बाईनं एका समजुतीत आख्खा जमिनीचा कायदा घातला.

इथं मला माझ्या आईच्या गावची विहीर आठवली. लहानपणी आम्हाला सांगायचे की त्या विहिरीत हडळ आहे, दिवस मावळल्यावर तिकडं फिरकायचं नाही. विहीर आमची नव्हती, तिथं आम्हाला पाण्याची परवानगी नव्हती. आम्ही भ्यायचो. 'एलात्सोए' वाचून झालं त्या दिवाळीत मी आजीला सहज विचारलं, ती हडळ कसली होती गं? आजी बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "हडळ कसली रं. ती माझी नणंद."

उन्हाळा होता, आमच्या आळीत पाण्याचा थेंब नव्हता. ती रात्री घागर घेऊन गेली. सकाळी तरंगताना दिसली. पाय घसरला म्हणाले. विचारलं कुणीच नाही. आणि महिन्याभरात हडळीची गोष्ट सुरू झाली. ती आमच्या आळीतून उठली नव्हती. वरच्या आळीतून आली होती. त्या दिवसापासून आमची बाई रात्रीची तिकडं गेली नाही. राखणदार ठेवायची गरज उरली नाही. आमच्याच मेलेल्या पोरीला त्यांनी राखणीला बसवलं, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिलाच भीत राहिलो.

आजीनं तिचं नावही सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. टोळीचा नियम मलाही लागू आहे. आधी घरात विचारीन.

तर थोरल्या दोस्ता, माझं उत्तर असं. मी पोरांना भुतं आहेत असं सांगत नाही. अंगात येणं, उतारा, भगत, ह्यांना आपला नकार आहे तो आहेच, आणि त्यात मी तुझ्या एक पाऊल पुढं असेन. पण आपण भुताबरोबर गोष्टही फेकून दिली. आणि त्या गोष्टीत आपल्या मेलेल्या माणसांचे पुरावे होते. आपल्या मराठीतल्या भुतांनाही जात आहे. मुंज झालेलं पोर मेलं तर मुंजा, विद्वान भट मेला तर ब्रह्मसमंध, त्यांना पिंपळ मिळतो, मान मिळतो. नारायण धारपांपासून रत्नाकर मतकऱ्यांपर्यंत मी जे भयाचं साहित्य वाचलं, त्यात घाबरणारा माणूस बहुधा वाड्यात नाहीतर बंगल्यात राहणारा. विहिरीवर गेलेल्या बाईला काय वाटलं असेल, ते मला तिथं सापडलं नाही. आणि चौदा वर्षांच्या पोरासाठी ते आपणही लिहिलं नाही. आपण आत्मकथनं लिहिली, कविता लिहिल्या, त्या मोठ्यांसाठी. पोरांच्या हातात आपण चरित्र दिलं आणि त्यांची रात्र मोबाइलवाल्याला देऊन टाकली.

डिमलीन, टेलर, लिटल बॅजर ह्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाही. त्यांची जमीन वेगळी, त्यांचे मेलेले वेगळे. घ्यायचा तो एक प्रश्न घ्या. कुठलीही भुताची गोष्ट पुढ्यात आली की विचारा: ह्यात भूत कुणाचं, भ्या कुणाला, आणि ह्या भ्यानं फायदा कुणाचा झाला? हा प्रश्न विचारणं अंधश्रद्धा नाही. मला तर ती चौकशी वाटते.

अभ्यासिकेतल्या पोरांना मी घरी काम दिलंय. आपापल्या आजीला, आज्याला विचारायचं की तुमच्या गावात भूत कुठं होतं, आणि ते होण्याआधी कोण माणूस होतं. ती नववीतली पोरगी गेल्या रविवारी वहीची दोन पानं लिहून घेऊन आली. वाचून दाखव म्हटलं तर लाजली. पुढच्या रविवारी वाचते म्हणाली.

संध्याकाळी सहाला. थोरल्या दोस्तानं यावं, माझ्याशेजारी सतरंजीवर बसावं, आणि ऐकावं.

जय भीम.